डावीकडचा लांपो

माझ्या नवऱ्याला झटका आला त्या सकाळी आम्ही दोघं साखरेवरून भांडत होतो. कॉफीत साखर कमी आहे असं लिंबानोचं म्हणणं, आणि डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घातली आहे असं माझं. मला काहीतरी टोचून बोलायचं म्हणून त्याने कप उचलला आणि तो त्याच्या डाव्या हातातून सुटला. सगळी कॉफी मांडीवर सांडली. नुकती चुलीवरून उतरवलेली, कढत. लिंबानोने खाली बघितलंसुद्धा नाही. तो साखरेवरच बोलत राहिला. तोंडाचा डावा कोपरा ओघळलेला, शब्द जरा जड, पण वाद चालूच.

मी किंचाळले. शेजाऱ्यांनी पिकअप काढली. लिंबानोचा धाकटा भाऊ लांपो दोन घरं सोडून राहतो, तो नुसत्या बनियनवर धावत आला आणि मागे चढून भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसला. आमच्या डोंगरातल्या कोमितान गावचे रस्ते म्हणजे नुसते चढ आणि उतार. प्रत्येक उतारावर मला वाटे, आता हा हातचा जातो. पण गेला नाही. इस्पितळातली डॉक्टरीणबाई म्हणाली, "मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती. वेळेत आणलंत, बाई."

लिंबानो आणि लांपो या दोघा भावांना कोमितानात सगळे ओळखतात ते मारिंबामुळे. आमची मारिंबा चौघांनी मिळून वाजवायची. लाकडी पट्ट्यांची लांबलचक रांग, डाव्या टोकाला जाड आवाज, उजव्या टोकाला बारीक, आणि तिच्यामागे चार जण खांद्याला खांदा लावून उभे, प्रत्येकाच्या हातात टोकाला रबर गुंडाळलेल्या काठ्या. उजव्या टोकाला लिंबानो, कारण मूळ चाल त्याची. त्याच्या डाव्या कोपराला लागून लांपो. त्याचं खरं नाव कारालाम्पिओ, आमच्या गावच्या संताचं. पण एवढं मोठं नाव घेऊन त्याला हाक मारायला वेळ आहे कुणाला! बाकीचे दोघे बदलत राहिले. हे दोघे कधी बदलले नाहीत.

लिंबानो घरी आला तेव्हा आम्ही देवाचे आभार मानले, कारण त्याची जीभ शाबूत होती. डावा हात लोंबत होता, डावा पाय ओढावा लागत होता, पण माणूस बोलत होता, थट्टा करत होता. जीभ आहे म्हणजे माणूस आहे, असं आम्हाला वाटलं. चमत्कारिक गोष्टी मग एकेक करून दिसायला लागल्या.

"रोमेलिया, आज घेवडा नाही केलास?" पहिल्याच दिवशी जेवताना त्याने विचारलं.

"ताटात आहे की."

"कुठे आहे? नुसता भात आणि चीज."

काळा घेवडा ताटात डाव्या बाजूला होता. मी ताट फिरवलं.

"हां, हा आला!" तो म्हणाला आणि खायला लागला. आता भात तसाच राहिला.

दाढी केली ती अर्धी. आरसा धरून उभी होते मी. "दुसरी बाजू राहिली," म्हटलं, तर म्हणाला, "दुसरी कुठली? माणसाला काय चार बाजू असतात?" आणि एका दुपारी पांघरुणाखाली स्वतःचाच डावा हात उजव्या हाताला लागला तेव्हा तो वैतागून म्हणाला, "लांपोला सांग, हात काढ माझ्या अंथरुणातून."

"अरे, तुझाच हात आहे तो."

"माझा? इतका थंड आणि मऊ? हा आळशी माणसाचा हात आहे. लांपोचाच."

मला हसू आलं. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि काही शिजवायचं नसताना चूल पेटवून तिच्यापुढे बसले.

सगळ्यात जास्त लागलं ते लांपोला. तो रोज दुपारी गोड पावांची पिशवी घेऊन यायचा आणि जन्मभराच्या सवयीने खुर्ची ओढून भावाच्या डावीकडे बसायचा. लिंबानो छताकडे बघून मला म्हणायचा, "लांपो आज पण आला नाही? चार पट्ट्या धड वाजवता येत नाहीत आणि भावाला भेटायलाही येववत नाही."

"मी इथेच आहे, लिंबा," लांपो म्हणायचा.

आवाज ऐकला की लिंबानो वळायचा, पण उजवीकडे. तिकडे दार होतं. त्या रिकाम्या दाराकडे बघून तो ओरडायचा, "बाहेर उभा राहून काय बोलतोस? आत ये!"

एक दिवस लांपो गुडघ्यावरची टोपी उचलून अंगणात गेला. मी मागोमाग गेले. पाण्याच्या हौदाला टेकून तो उभा होता, नाक ओढत.

"वहिनी, आई आम्हाला एका खाटेवर झोपवायची, तेव्हापासून मी याच्या डाव्या अंगाला आहे. आणि आता मी याला दिसत नाही?"

"डोळ्यांना काही झालं असेल."

"डोळ्यांना कसलं! खिडकीतून शेजारणीची कोंबडी दिसते त्याला. तिच्या पायाला दोरा बांधलाय तोसुद्धा दिसतो. कोंबडीपेक्षाही मी गेलो का?" असं म्हणून तो रडता रडता हसला. मीही.

आमची लेक नोएमी तुस्त्ला शहरात असते. ती रजा काढून आली आणि बापाची सोय लावून गेली. पलंग असा फिरवला की दार-खिडकीबरोबर रेडिओही त्याच्या उजव्या हाताला यावा. पाण्याचा तांब्या, घंटी, चष्मा, जपमाळ सगळं उजवीकडच्या स्टुलावर. आम्ही बोलायचो ते उजवीकडे बसून. लिंबानो खूश. काही सापडत नाही म्हणून चिडणं थांबलं. आम्हालाही वाटलं, जमलं बुवा.

मग येसेनिया आली. इस्पितळाने व्यायाम शिकवायला पाठवलेली पोरगी. काडीसारखी बारीक, पण आवाज असा की रस्त्यावरून जाणाराही व्यायाम करायला लागेल. तिने लिंबानोला घड्याळ काढायला सांगितलं. त्याने गोल छान काढला आणि बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. बस रिकामी असताना सगळ्यांनी एकाच बाजूच्या बाकांवर दाटी करावी तसे. डावा अर्धा भाग कोरा.

"कसं झालंय घड्याळ, लिंबानोकाका?" तिने विचारलं.

"झकास," तो म्हणाला. "वेळ बरोबर दाखवेल."

तिने मला आणि लांपोला बाहेर बोलावलं. "डोळे चांगले आहेत त्यांचे," ती म्हणाली. "पण डावी बाजू म्हणून काही असते, हेच मेंदू विसरलाय. तुम्हाला कधी आठवण येते का पाठीमागच्या भिंतीची? तसं. त्यांना काही चुकल्यासारखंही वाटत नाही." मग तिने खोलीकडे बघितलं. "हे सगळं उजवीकडे कुणी आणून ठेवलं?"

"आम्हीच," मी म्हटलं. "त्याला त्रास नको म्हणून."

"प्रेमाने केलंत, बाई. पण त्यांनी डावीकडे वळावं कशासाठी आता? तिकडे आहे काय त्यांच्यासाठी?" तिने बाह्या वरती केल्या. "धरा पलंग. फिरवा. त्यांना जे जे आवडतं ते सगळं डावीकडे गेलं पाहिजे. तुम्हीसुद्धा."

पलंग फिरवला. पलंगाच्या डाव्या कडेला तिने लाल रिबन बांधली. काही शोधायचं असलं की आधी रिबन दिसेपर्यंत मान वळवायची, असं त्याला शिकवलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी मी कॉफी डाव्या स्टुलावर ठेवली.

"वास येतोय," लिंबानो म्हणाला. "कॉफी कुठे आहे?"

"डावीकडे."

"नाही तिथे."

"मान वळव ना."

"वळवली." ती जरासुद्धा वळली नव्हती.

"अजून. रिबन दिसते का बघ."

"रोमेलिया, मी आजारी आहे आणि तू माझ्याशी लपंडाव खेळतेस?" त्याचा आवाज कापरा झाला. "एक कप कॉफी मागितली."

कॉफीवर साय धरली. मला बघवेना. मी कप उचलला आणि त्याच्या उजव्या हातात दिला. तो गटागट प्यायला आणि म्हणाला, "इथेच तर होती. उगाच छळतेस." लांपो दारातून बघत होता.

"वहिनी, तू बाजूला हो," तो म्हणाला. "तुझ्याच्याने नाही व्हायचं. तुझं काळीज लोण्याचं. आता मी बघतो याच्याकडे."

त्या दुपारी तो पावांची पिशवी न आणता आला, डावीकडे बसला आणि कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाला, "त्या ओस्वेलीच्या मारिंबाचं काय झालं ते कळलं का?"

ओस्वेली म्हणजे आमच्या लोकांचा जुना प्रतिस्पर्धी. सगळी चांगली लग्नं तोच पळवतो असा लिंबानोचा आरोप. लिंबानोचे कान टवकारले. "काय झालं?"

"लग्नाला चालले होते. वरच्या देवळाजवळच्या उतारावर मारिंबा गाडीतून उतरवली. चाकांवर उभी केली. आणि दोरी सुटली!"

"मग?"

"मग काय! निघाली मारिंबा एकटीच. उतारावरून खडखडत. मागे ओस्वेली, मागे त्याचे तिघे, त्यांच्या मागे नवरदेवाचा बाप. रस्त्यातली माणसं भिंतीला चिकटली. एका बाईने शालीखाली मूल घेतलं. कोपऱ्यावर वळायला हवी होती ती वळली नाही. सरळ घुसली. कुठे घुसली माहीत आहे?"

आणि लांपो गप्प बसला.

"कुठे?" लिंबानोने विचारलं.

लांपो पायावर पाय टाकून बसला.

"अरे कुठे घुसली?"

"इकडे बघ, मग सांगतो."

लिंबानो उजवीकडे बघू लागला. मग छताकडे. मग पुन्हा उजवीकडे, भिंतीशी कुणी उभं आहे का ते. "अरे गाढवा, आहेस कुठे?"

"रिबनीच्या पलीकडे."

मी शालीचं टोक तोंडात धरून उभी होते. लिंबानोची मान अगदी सावकाश वळायला लागली, जणू मानेला कुणी दोरी बांधून उलट ओढत होतं. कपाळावर घाम आला. लाल रिबन दिसली तशी तो थांबला. "हं, रिबन आहे."

"तिच्या पलीकडे ये."

आणखी थोडी वळली. लांपोचा टोपी ठेवलेला गुडघा दिसला असावा, कारण तो म्हणाला, "टोपी दिसतेय. आता बोल."

"शवपेट्यांच्या दुकानात!" लांपोने मांडीवर थाप मारली. "दोन उभ्या पेट्यांच्या मधोमध जाऊन थांबली. दुकानदार आतून आला, बघितलं आणि म्हणाला, एवढ्या लांब माणसाची ऑर्डर कुणी घेतली रे?"

लिंबानो हसला. हसता हसता त्याला ठसका लागला. तोंडाचा डावा कोपरा, जो महिनाभर मेल्यासारखा पडून होता, तो किंचित वर उचलला गेला. मी बघितलं. लांपोनेही बघितलं, पण तो जागचा हलला नाही, जणू हललं तर तो कोपरा पुन्हा खाली पडेल.

जाताना मी त्याला दारात विचारलं, "खरंच घुसली का रे दुकानात?"

"दोरी सुटली एवढं खरं. बाकीचं इथे येता येता जमलं."

तेव्हापासून तो रोज एक गोष्ट आणायचा आणि ऐन मोक्याला तोडायचा. गावात सांगण्यासारखं घडलं तर ते, नाहीतर घडायला हवं होतं ते. मीही शिकले. कोण कुणाबरोबर पळून गेलं, हे सांगायच्या आधी मी पलंगाला वळसा घालून डावीकडे जाऊन बसायची. शेजारणी यायच्या त्यांनाही आम्ही सांगून ठेवलं. एक जण म्हणाली, "बाई, चहाडी करायला पलंगाची बाजू लागते हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं." पण बसली डावीकडेच. कॉफीही तिकडे, गोड पावही तिकडे, आणि रेडिओवरचं फुटबॉलही. हळूहळू ताटातला घेवडा त्याला सापडायला लागला. दाढी करताना वस्तरा डाव्या कानापर्यंत पोहोचायला लागला. एके दिवशी तो आपला डावा हात उजव्या हाताने उचलून बराच वेळ बघत बसला. या वेळी त्याने लांपोचं नाव घेतलं नाही.

आणि इथेच तो बिघडला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं. बोलणं कमी झालं. येसेनिया आली की डोळे मिटून घ्यायचा. लांपोची गोष्ट अर्ध्यावर तुटली तरी विचारायचा नाही, पुढे काय. मी एकदा त्याचे पाय चोळत होते. तो म्हणाला, "आधी बरं होतं, रोमेलिया."

"आधी कधी?"

"कळत नव्हतं तेव्हा. तेव्हा माझं काही गेलेलं नव्हतं."

मी पाय चोळत राहिले. खोटं बोलायचं जिवावर आलं.

येसेनियाला सांगितलं तर ती म्हणाली, "बाई, दिसतं वाईट, पण ही चांगली बातमी आहे. आपलं काय गेलंय ते त्यांना आता दिसायला लागलंय."

"चांगली बातमी अशी असते होय?" मी तिच्यावर खेकसले. "तुझ्या घरी पाठवते त्याला आठ दिवस. मग सांग."

ती रागावली नाही. तिने माझा हात धरला. "त्यांना आता गोष्टी पुरायच्या नाहीत," ती म्हणाली. "त्यांचं स्वतःचं काहीतरी डावीकडे ठेवा."

त्यांचं स्वतःचं म्हणजे काय, ते लांपोला लगेच कळलं. तिसऱ्या प्रहरी तो आणि आणखी दोघे जण सरावाची छोटी मारिंबा घेऊन आले आणि आमच्या ओसरीत मांडली. लिंबानोला खुर्चीत बसवून तिच्या उजव्या टोकाशी आणलं. त्याने लाकडावरून हात फिरवला. पट्ट्यांखालच्या पेट्यांच्या तोंडाशी आतड्याची पातळ चकती मेणाने चिकटवतात, त्याशिवाय मारिंबा गुणगुणत नाही. एक चकती सुटली होती. "मेण कुणी लावलं हे?" त्याने विचारलं. कित्येक दिवसांनी त्याने आपणहून काही विचारलं होतं.

"मी," लांपो म्हणाला.

"वाटलंच."

त्याने उजव्या हातात काठी घेतली आणि एक जुनं वॉल्ट्झ, जोडीने नाचायचं गाणं, सुरू केलं. आमच्या लग्नातही तेच वाजलं होतं. हात जड होता, पण चाल ओळखू येत होती. ती चाल वर जाते, तिथे थोडी रेंगाळते आणि मग एकेक पायरी उतरत डावीकडे खाली येते. उतरायला लागली आणि मधेच बंद पडली. काठी हवेत.

"पट्ट्या संपल्या," लिंबानो म्हणाला.

"संपल्या नाहीत."

"संपल्या. कापलीय ही मारिंबा. कुणी कापली?"

त्याने पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच थांबला. तिसऱ्यांदा तो थांबला तेव्हा लांपोने आपल्या काठीने पुढचे सूर वाजवले. अलगद, अगदी खाली शेवटपर्यंत.

"कोण वाजवतंय?"

"शोध," लांपो म्हणाला.

मला वाटलं तो चिडेल, काठी फेकेल. पण त्याने काठी मांडीवर ठेवली आणि उजवा तळवा पट्ट्यांवर टेकवला. तो डावीकडे सरकवायला लागला, एका पट्टीवरून दुसरीवर, आंधळ्याने भिंत चाचपावी तसा. "आहे," तो पुटपुटला. "ही पण आहे." मग मान हाताच्या मागे निघाली. "आहे... अरे, अजून आहेत... ही पण आहे की." हात सरकत गेला, खांदा वाकला, तो खुर्चीत तिरका झाला. मी त्याला मागून धरायला पुढे झाले, पण लांपोने डोळ्यांनी मला थांबवलं. शेवटी हात लाकडावरून घसरून कापडावर गेला आणि कशात तरी रुतला.

"आणि हे काय? हे लाकूड नाही."

"हळू! आत्ताच जेवून आलोय."

लिंबानोने मान उचलली. आधी सदऱ्याची बटणं बघितली, मग गळा, मग चेहरा. कितीतरी वेळ तो बघत राहिला. शेजारणीची कोंबडी ओसरीवर चढून आमच्या पायांतून फिरून गेली, तिलाही कुणी हाकललं नाही.

"लांपो," तो म्हणाला. "अरे, किती म्हातारा झालास तू!"

"तुझ्याहून धाकटाच आहे अजून."

"आणि दाढी नाही केलीस."

"तू केलीस ना, बास झालं घरात एकाने." लिंबानोने त्याचा सदरा मुठीत धरला होता, तो सोडेचना. दोघे भाऊ मारिंबावर वाकून रडले, लहान पोरं रडतात तसे, नाक न पुसता. मग लिंबानो म्हणाला, "ते मेण आधी काढ. भिकार लावलंयस." लांपो धावत मेण आणायला गेला.

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. डाव्या हाताची मूठ अर्धीच वळते, म्हणून लांपोने वाजवायची काठी फडक्याने त्या हाताला बांधायला सुरुवात केली. पहिले कित्येक दिवस ती काठी पट्टीवर पडण्याऐवजी लांपोच्या बोटांवर पडायची. "हे मुद्दाम आहे," लांपो म्हणायचा. "जुने हिशेब." लिंबानो आधाराची काठी टेकत चालायला लागला, पण दमला की अजूनही त्याचा डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटतो. आणि हा चौकटीला "माफ करा" म्हणतो. नोएमी फोनवर विचारते, बाबा कसे आहेत, तर मी सांगते, बरे आहेत, दारं मात्र जखमी आहेत.

डिसेंबरातल्या एका रविवारी तो पुन्हा गावच्या चौकातल्या बागेत वाजवायला उभा राहिला. उभा म्हणजे उंच स्टुलावर अर्धवट टेकून. ऊन उतरणीला लागलं होतं, कमानींखाली माणसं बसली होती, कणसं भाजणारा आपली शेगडी घेऊन जवळ सरकला. येसेनिया आपल्या आईला घेऊन आली होती. पहिल्याच गाण्यात लिंबानोची चाल खाली उतरताना अडखळली. मी बघितलं, लांपोने वाजवता वाजवता त्याला कोपर मारलं. लिंबानोने मान वळवली, पट्ट्या सापडल्या, पुढे गेला. गाणं संपल्यावर लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की लिंबानोने माइक ओढून घेतला.

"आजाऱ्यासाठी टाळ्या नकोत," तो म्हणाला. "वाजवणाऱ्यासाठी वाजवा. आणि मधे जी चूक झाली ती लांपोची."

"माझीच!" लांपो ओरडला. लोक हसले आणि आणखी टाळ्या पडल्या.

तिसऱ्या गाण्यानंतर तो दमला. हे आधीच ठरलं होतं. लांपो उजव्या टोकाला सरकला, बाकीच्यांनी जागा सांभाळून घेतल्या, आणि लिंबानो काठी टेकत येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला. घामाने भिजला होता, पण तोंड असं की जणू लग्न त्याचंच आहे. ते जुनं वॉल्ट्झ सुरू झालं. जोडपी उठली.

"चल," लिंबानो म्हणाला.

"घरी? एवढ्यात?"

"नाचायला."

लग्न झाल्यापासून बागेत प्रत्येक रविवारी मी या बाकावर बसून दुसऱ्यांना नाचताना बघत आले. माझा नाचणारा नेहमी पट्ट्यांच्या मागे उभा. मी कधी तक्रार केली नाही. आणि खरं सांगायचं तर मला त्याचं काही वाटेनासंही झालं होतं.

"पायांचं काय?" मी विचारलं.

"एक चांगला माझा, दोन तुझे. तीन पायांत भागवू."

"पडशील."

"तुझ्यावरच पडेन ना? मग कशाला ओरडतेस?"

मी उठले, त्याच्या डाव्या बाजूने गेले आणि त्याचा तो अर्धा मिटलेला हात माझ्या हातात घेतला. त्याने मला हाक मारली नाही. मान वळवली आणि मला शोधलं. मग म्हणाला, "केस कापलेस?"

"ऑगस्टात."

"छान दिसतंय."

आम्ही कारंज्यापाशी गेलो. लोकांनी जागा करून दिली. आमचं नाचणं म्हणजे जागच्या जागी डुलणं, मधूनच एक पाऊल. येसेनिया लांबून खुणा करत होती, डावीकडे, डावीकडे, तर लिंबानो तिला म्हणाला, "पोरी, आज सुट्टी घे!" मारिंबाने जरा संथ चाल धरली होती, आमच्यासाठी. लिंबानोच्या ते लक्षात आलं आणि तो माझ्या डोक्यावरून ओरडला, "झोपलास का रे, लांपो? जीव लावून वाजव!"

त्याचं डावं पाऊल माझ्या बुटावर पडलं. पूर्ण भार टाकून. त्याला कळलं नाही आणि मी सांगितलं नाही. ते वॉल्ट्झ तसं छोटंच आहे, एरवी बाकावरून उठेपर्यंत संपतं. त्या दिवशी लांपोने ते संपत आलं की परत पहिल्यापासून घेतलं, आणि मग आणखी एकदा. कणीसवाल्याने एक भाजलेलं कणीस आमच्यासाठी बाकावर आणून ठेवलं होतं. आम्ही पोहोचलो तोवर ते गार झालं होतं, पण लिंबानोने ते सगळं खाल्लं, मला दोन दाणेसुद्धा दिले नाहीत.